उनाइसीसाठी हलकी लादी

आपल्याला गावात किती मान आहे हे बघायचं असेल तर माणसाने किनाऱ्यावर बसून काँक्रीट कालवावं. मी आमच्या बेटावरच्या नातोकालेवू गावच्या शाळेत एकतीस वर्षं हेडमास्तर होतो. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाला पाढे मी शिकवले, अपूर्णांक मी शिकवले, आणि प्रमाणाचा धडा तर मी डोळे मिटून शिकवायचो. पण माझ्यापुढे एक घमेलं, एक थापी आणि सिमेंटची गोणी दिसल्याबरोबर हेच विद्यार्थी एकेक करून आले आणि मला प्रमाण शिकवून गेले. एकाने तर माझ्या हातातली थापी काढून घेतली आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही सावलीत बसा." त्याला मी तिसरीत दोनदा बसवला होता.

काम तसं लहान होतं. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि चार बोटं जाड अशी एक लादी करायची आणि बायकोच्या कबरीवर घालायची. आमच्याकडे माणूस गेला की शंभर दिवस दुखवटा असतो. तोपर्यंत गावासमोरच्या खडकांवर कुणी मासे धरत नाही. शंभराव्या दिवशी कबरीला सिमेंट करतात, जेवण होतं, मासेमारी उघडते आणि रडणं संपतं, निदान चारचौघांतलं. सगळेच करतात, त्यात विशेष काही नाही. विशेष इतकंच की आपल्या अंगावर सिमेंट घालायचं नाही, असं बायकोने, उनाइसीने, मला बजावून ठेवलं होतं.

ती हे इस्पितळात पपई खाता खाता म्हणाली. घरातसुद्धा ती मला मास्तरच म्हणायची. "मास्तर, माझ्या छातीवर आता काही ठेवू देऊ नका. मेल्यावरसुद्धा." सात वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात आमच्या स्वयंपाकघराची भिंत तिच्या अंगावर पडली होती आणि त्या भिंतीखाली ती चार तास होती. हाडं जुळली, पण त्यानंतर तिला पांघरूण सोसलं नाही. थंडीतसुद्धा पातळ चादर घ्यायची आणि तीही पोटापर्यंत. गेली ती साखरेच्या दुखण्याने, भिंतीने नव्हे. भिंत मी बांधली होती. भिंतीविषयी आत्ता एवढंच.

मी तिला हो म्हणालो. चाळीस वर्षांत मी तिच्या बऱ्याच गोष्टींना हो म्हणालो होतो आणि त्यांतल्या बऱ्याच केल्या नव्हत्या. ही एक करायचं ठरवलं.

गावचा मुखिया पेनाइआ हाही माझाच विद्यार्थी, भागाकारात कच्चा. तो वही घेऊन माझ्याकडे आला. त्या वहीत गावातल्या प्रत्येक कबरीपुढे 'सिमेंट पूर्ण' असं लिहिलेलं असतं आणि तसं लिहिल्याशिवाय दुखवटा सुटत नाही.

"मास्तर, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही," तो म्हणाला, "पण सिमेंट झालं नाही तर मासे कसे उघडणार? लोक डब्यातले मासे खाऊन खाऊन कावलेत."

"वहीत सिमेंट लिहिलंय. ते किती जड असावं हे लिहिलंय का?"

त्याने वही पुढून मागून चाळली. "तसं नाही लिहिलेलं."

"मग मी हलकं करतो."

हा विचार मला सुचला त्याचं कारण समोरच पडलं होतं. त्याच दिवसांत टोंगाच्या बाजूला समुद्राच्या तळाशी काहीतरी फुटलं होतं आणि टाचा घासायला वापरतात तो राखाडी, भोकाभोकांचा दगड मैलोन् मैल तरंगत आमच्या किनाऱ्याला येऊन लागला होता. होड्या अडकल्या, कोंबड्या त्यावरून फिरू लागल्या. शाळेत मी विज्ञानही शिकवलं होतं. काँक्रीट जड होतं ते आतल्या खडीमुळे. खडीच्या जागी हा दगड घातला, सिमेंटात निम्मी उसाच्या चिपाडाची राख मिसळली आणि भेगा पडू नयेत म्हणून नारळाचा काथ्या घातला, की झालं. माझ्या डोक्यात तर ते एका दुपारचं काम होतं.

मदतीला एरोनी होता. म्हणजे तो घरात होता. एरोनी हा उनाइसीचा धाकटा भाऊ. तो खाडीपलीकडच्या वाइनोकोहून दफनासाठी स्वतःची उशी घेऊन आला आणि मग गेलाच नाही. बायकोच्या भावाला आम्ही तवाले म्हणतो, तोही आपल्याला तवालेच म्हणतो, आणि या नात्यात चेष्टा करावीच लागते, नाही केली तर अपमान समजतात. एरोनीने माझा अपमान कधीच केला नाही. दफनाच्या दिवशी खड्ड्याच्या कडेला उभं राहून त्याने मला विचारलं होतं, "तवाले, मापाला झोपून बघतोस का? तू तिच्यापेक्षा बुटका आहेस, पण रुंदीचा अंदाज येईल." सगळे हसले, मीही हसलो. हसलो नसतो तर मला तिथे उभं राहता आलं नसतं.

वाइनोकोचं एक सांगून ठेवतो. आमच्या किनाऱ्यावरून जे जे पाण्यात सुटतं ते ओहोटीबरोबर तिकडे जाऊन लागतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी उनाइसीच्या सपाता वाहून गेल्या आणि आठवड्याने तिच्या लोसालिनी आत्याने त्या परत पाठवल्या. तेव्हापासून घरात काहीही हरवलं, अगदी माझा चष्मासुद्धा, की ती म्हणायची, "माहेरी गेला असेल." ती गेली तेव्हा वाइनोकोची माणसं तिला न्यायला आली होती. आपली मुलगी आपल्या मातीत असावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी नाही म्हणालो.  लोसालिनी आत्या चटई गुंडाळून होडीत जाऊन बसली.

तर एरोनीकडे मी वाळू सोपवली. लादीला वाळू थोडीशीच लागणार होती, पण समुद्राची वाळू खारट असते, ती नदीच्या पाण्यात धुवावी लागते, नाहीतर काँक्रीट आतून कुजतं. तीन पाण्यांतून काढली की पुरते. धुतली आहे की नाही हे बघायचा माझा जुना उपाय म्हणजे चिमूटभर जिभेवर ठेवायची. एरोनीने तीनदा धुतली, मी चाखली, म्हटलं, "छान. गोडी आहे." तो "हं" म्हणाला आणि घमेलं उचलून परत नदीवर गेला. पाच पाणी झाली. सहा झाली. सातव्या खेपेला मी म्हटलं, "अरे, वाळू आहे की तांदूळ? शिजवायचीय का तुला?" तो चेष्टेत मागे राहणारा नव्हे, पण या एका गोष्टीवर त्याने उत्तर दिलं नाही. कामचुकारपणाचा हा नवीन प्रकार असावा अशी मी समजूत करून घेतली.

सिमेंट आणि राख बिसेसरकडून आली. साखर कारखान्याच्या शहरात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याचा मावसभाऊ कारखान्याच्या भट्टीवर आहे. बिसेसरने आधी मला तीन प्रकारच्या फरशा दाखवल्या, त्यांतली एक गुलाबी होती. मग मी कशासाठी काय करतोय ते त्याला सांगितलं. तो गोणीवर बसला आणि बराच वेळ खालच्या सांडलेल्या खिळ्यांकडे बघत राहिला.

"आमच्यात हा प्रश्नच येत नाही, मास्टरजी," तो म्हणाला. "आमचा माणूस शेवटी एका मडक्यात मावतो. पण खरं सांगू, घरी आणताना ते मडकं मला काही हलकं लागलं नव्हतं." राखेच्या गोण्या त्याने स्वतः गाडीत चढवल्या.

पहिली लादी बिघडली ती शेजाऱ्यांच्या सल्ल्याने. दगडाबरोबर करवंट्याही फोडून घाल, त्या फुकट आहेत आणि कुजत नाहीत, असं सगळ्यांचं एकमत पडलं. करवंट्यांना आतून खोबरं चिकटलेलं असतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. गावातल्या डुकरांच्या मात्र आलं. ओली लादी मी सकाळी बघायला गेलो तर तिचे तीन तुकडे झाले होते आणि एक डुकरीण तोंडाला सिमेंट लावून शांतपणे उभी होती. तिचा मालक माझ्याकडे नुकसानभरपाई मागायला आला. डुकरिणीला दोन दिवस शौचाला झालं नाही म्हणे.

दुसऱ्या लादीत राख जास्त पडली. ती दिसायला फार सुंदर होती. पेनाइआ ती तपासायला आला, "वा, मास्तर" म्हणाला आणि तिच्यावर बसला. त्यानंतर तो लादीवर नव्हता, लादीत होता. त्याच्या सुरवातीपासूनच्या शंका खऱ्या ठरल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि मागच्या बाजूला राख.

तिसऱ्या वेळी मला कळलं की दगडालाही मीठ लागलेलं आहे, तोही धुवायला हवा. वाळू धुणं सोपं, ती बुडते. हा दगड तरंगतो. आम्ही चार गोण्या नदीत ओतल्या आणि एरोनी आणि मी काठावर उभे राहून त्या समुद्राकडे परत जाताना बघत राहिलो. "तवाले," एरोनी म्हणाला, "तुझ्याकडे शिकलेली सगळीच पोरं अशी निघून गेली." शेवटी त्याने मासे धरायचं जाळं आणलं. दगड जाळ्यात भरायचा, दोन टोकं दोघांनी धरायची आणि पाण्यात खाली दाबून हलवायचं. शंभर दिवसांसाठी बंद असलेलं जाळं निदान ओलं तरी झालं.

इतक्यात सरकारला जाग आली. किनाऱ्यावरून दगड उचलायला परवानगी लागते असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी आपला सज्जनपणे शहरातल्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "दगड कुठला?"

"टोंगाचा."

"म्हणजे परदेशी. आयातीचा अर्ज भरलात?"

"मी आणला नाही. तो स्वतः आला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, परदेशातून जे येतं त्याला किडे, शेवाळं, काहीही चिकटून येतं. तपासणी झाल्याशिवाय तो किनाऱ्यावरून हलवायचा नाही."

"पण मला तो कबरीवर..."

"तुम्ही त्याचं काहीही करा. किनाऱ्यावर करा." आणि त्यांनी अर्ज पुढे केला. त्यात बांधकामाचा प्रकार या रकान्यात घर, संडास, डुकरांचा गोठा आणि संरक्षक भिंत एवढेच पर्याय होते. मी बराच वेळ विचार केला. भिंत या शब्दावर खूण करायला माझा हात उठेना. शेवटी मी घरावर खूण केली. सहा बाय अडीच फुटांचं घर. साहेबांनी शिक्का मारला आणि तपासणीला सोमवारी येतो म्हणाले. कुठला सोमवार ते म्हणाले नाहीत.

त्यामुळे लादी किनाऱ्यावरच ओतावी लागली. फळ्यांचा साचा केला, तळाशी केळीची पानं घातली, आणि एरोनी सात पाण्यांची वाळू घेऊन आला. माल घट्ट बसल्यावर मी खिळ्याने वरती 'उनाइसी' असं लिहिलं. आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, पण इतकं वाईट अक्षर माझं कधी आलं नव्हतं. एरोनीने ते बघितलं आणि नावाखाली स्वतःचा पंजा दाबला. मग तीन आठवडे ओली पोती टाकून आम्ही तिला सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. त्या तीन आठवड्यांत मला बरं वाटलं, हे कबूल करतो. कुणाला तरी वेळेवर पाणी द्यायचंय म्हणून उठावं लागत होतं.

पंच्याण्णवाव्या दिवशी, शुक्रवारी, मी जाहीर परीक्षा घेतली. सगळं गाव जमलं. चार जणांनी लादी उचलली, गुडघाभर पाण्यात नेऊन सोडली, आणि ती तरंगली. मुखिया या नात्याने पेनाइआ तिच्यावर बसला, तरी ती तरंगली. टाळ्या वाजल्या. काँक्रीट पाण्याहून हलकं होऊ शकतं हे मी उपस्थितांना उदाहरणासह समजावून सांगितलं. दुसरा हेडमास्तर असता तर त्याने यातून पुढचा निष्कर्षही काढला असता.

शनिवारी आम्ही ती ओढून भरतीच्या रेषेच्या वर माडाच्या ओंडक्यांवर ठेवली. साहेब नक्की सोमवारी येणार असा निरोप आला होता आणि बुधवारी शंभरावा दिवस होता. एरोनी म्हणाला, "दोरीने बांधू या का?"

"सिमेंट आहे ते," मी म्हणालो. "बैल नव्हे."

रविवारी आमच्या गावात काही हलत नाही. होडी पाण्यात घालायची नाही, काम करायचं नाही, पळायचंसुद्धा नाही. देवळातला ढोल वाजला की सगळे पांढरे कपडे घालून आत. त्या दिवशी पाद्रीबुवा धीर या विषयावर बोलत होते. आमच्या देवळाच्या खिडक्या समुद्राच्या बाजूला आहेत. पौर्णिमेची भरती होती, नेहमीपेक्षा दोन हात वर चढलेली, आणि ती उतरू लागली तेव्हा डाव्या बाजूच्या बाकांवरची माणसं एकेक करून मान वळवू लागली.

मीही वळवली. उनाइसीची लादी ओंडक्यांवरून उतरली होती आणि सावकाश, अगदी बेताने, खाडीकडे निघाली होती. तिच्यावर एक बगळा बसला होता.

दोनशे माणसं ते बघत होती आणि कुणाला उठता येत नव्हतं. मी पेनाइआकडे बघितलं. त्याने डोळे मिटून मान हलवली, म्हणजे रविवार आहे. पाद्रीबुवांनाही ती दिसली असावी, कारण त्यांनी धीरावरचं बोलणं आणखी अर्धा तास वाढवलं. एरोनी माझ्या शेजारी होता. तो माझ्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "तवाले, माहेरी निघाली."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. त्र्याण्णव दिवस मी देवळात रडलो नव्हतो. माझ्यासमोर बसलेल्या माझ्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांनी ते ऐकलं आणि एकानेही मागे वळून बघितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. दिवसांचा आकडा मी चुकीचा सांगितला. सत्त्याण्णव होते. मोजण्यात मी असा कधी चुकत नाही.

सोमवारी सकाळी साहेब आले. त्यांनी पँटचे पाय वर दुमडून किनारा पाहिला. "लादी कुठाय?"

"गेली."

"कुठे?"

"आयात झाली तशीच निर्यात झाली," एरोनी म्हणाला.

साहेब वैतागतील असं मला वाटलं होतं, पण माझा चेहरा बघून त्यांनी पुढचं विचारलं नाही. उरलेल्या दगडाचे दोन-चार तुकडे हुंगले, निर्धोक आहे, कुठेही न्यायला हरकत नाही, असं लिहून दिलं आणि जाताना माझा हात हातात घेतला. हेच तीन आठवड्यांपूर्वी झालं असतं तर? पण कचेऱ्यांबद्दल असा विचार करायला लागलं की माणूस दुसरं काही करू शकत नाही.

मग आम्ही होडी काढली. वाइनोकोच्या किनाऱ्यावर बायका बसलेल्या लांबूनच दिसल्या. आमची यांगोनाची मुळी, जी उगाळून पितात आणि कुणाकडे गेलं की मानाने पुढे ठेवतात, ती ठेवून झाली, दोन्ही बाजूंची औपचारिक भाषणं झाली आणि मग खरं काय झालं ते कळलं. लादी त्यांच्याकडे रविवारी दुपारीच लागली होती. त्यांच्याकडेही रविवारच होता. ओढून वर घेणं म्हणजे काम, ते चालणार नव्हतं. पण नाव वाचल्यावर ती पुन्हा समुद्रात जाऊ देणंही शक्य नव्हतं. तेव्हा लोसालिनी आत्याने तोडगा काढला. बसणं हे काम नव्हे. म्हणून वाइनोकोच्या सगळ्या बायका तिच्याभोवती, तिच्यावर हात ठेवून, उजाडेपर्यंत पाण्यात बसून राहिल्या होत्या. आत्याचं वय ब्याऐंशी आहे. भरती तिच्या कमरेपर्यंत आली होती.

आता लादी चार चटयांवर ठेवलेली होती आणि आत्या तिच्या कडेला बसून एरोनीच्या पंजाच्या ठशात स्वतःची बोटं ठेवून बघत होती.

"जावई," ती म्हणाली, "हे इतकं हलकं कसं काय?"

मी सांगितलं. दगड, राख, काथ्या सगळं. आणि का, तेही सांगितलं. भिंत सोडून.

तिने ठशातली वाळू बोटाने काढली. "एक मागू?"

आमच्यात असं विचारल्यावर नाही म्हणत नाहीत. मी एकदा म्हणालो होतो, दफनाच्या वेळी, आणि ते सगळ्यांच्या लक्षात होतं.

"ही इथे राहू दे," आत्या म्हणाली. "तुमच्याकडे ती स्वतः आहे. आमच्याकडे काहीच नाही."

माझी तीन महिन्यांची मेहनत, पाळायचं राहिलेलं वचन आणि परवाचा शंभरावा दिवस एवढं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी म्हटलं, "राहू दे, आत्या."

परत येताना मोटर एरोनीकडे होती. खाडीच्या मध्यावर त्याने मोटर बंद केली. मला वाटलं, तेल संपलं.

"तवाले," तो म्हणाला. "त्या भिंतीची वाळू मी धुतली नव्हती."

मी होडीच्या तळातलं पाणी करवंटीने उपसायला लागलो.

"तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, तीन पाण्यांतून काढली. एकातूनही नाही. त्या दुपारी रग्बीचा सामना होता. मी घमेलं तसंच आणून ओतलं." तो पाण्याकडे बघत होता. "सामना आपण हरलोसुद्धा."

सात वर्षं हा माणूस दर भेटीला माझी टर उडवत होता आणि त्याच्या पोटात हे होतं. नदीवरच्या सात पाण्यांचं कारण मला आत्ता कळत होतं. त्याला वाटत होतं की मला माहीत नाही. तेच तर वाईट होतं.

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

"कसं?"

"चाखली होती. खारट लागली."

त्याने माझ्याकडे बघितलं.

"त्या आठवड्यात शाळेची तपासणी होती," मी म्हटलं. "परत धुवायची म्हणजे आणखी दोन दिवस. म्हटलं, स्वयंपाकघराची भिंत, तिला कोण विचारतंय. उनाइसीला कधी सांगितलं नाही मी. इस्पितळात ती बोलली तेव्हासुद्धा नाही. नुसतं हो म्हणालो."

होडी मोटरीवाचून हळूहळू वाइनोकोकडेच मागे सरकत होती. "चालू कर," मी म्हणालो, "नाहीतर आपण दोघंही माहेरी जाऊ." आमच्या नात्यात मी केलेली ही पहिली बरी थट्टा असेल. एरोनी हसला नाही. त्याने दोरी ओढली, मोटर तिसऱ्या ओढीला सुरू झाली.

मंगळवारी सकाळी मी कबरीवर गेलो तर पेनाइआने साध्या सिमेंटच्या गोण्या आणि खडी आधीच आणून ठेवली होती. वाईट हेतूने नव्हे, मास्तरांची फजिती झाली म्हणून मदतीला. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. उनाइसी काय म्हणाली ते, लादी आत्याला दिली ते, आणि भिंत, वाळू, चव. विद्यार्थ्यापुढे आपली चूक कबूल करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती इतकी उशिरा येऊ नये.

पेनाइआ वही उघडून उभा राहिला. भागाकार समोर आला की त्याचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला.

"मास्तर, उनाइसीबाईंच्या नावाचं सिमेंट झालंय का?"

"झालंय."

"वाळलंय?"

"तीन आठवडे."

"मग झालं की," तो म्हणाला. "कुठे झालं, असा रकाना वहीत नाही." आणि त्याने लिहिलं, 'सिमेंट पूर्ण'. एकतीस वर्षांत त्याचं एवढं बरोबर उत्तर मी बघितलं नव्हतं. मग तो माणसं बोलावून गोण्या परत न्यायला लागला, आणि उद्या मासे उघडणार, उद्या मासे उघडणार, असं गावभर झालं.

कबरीवर फक्त तो राखाडी दगड पसरायचं ठरलं, सुटा, सिमेंटाशिवाय. वारा आला तर त्यातले थोडे उडतील. उडू देत.

दुपारी एरोनी आणि मी जाळं घेऊन नदीवर गेलो. दोन टोकं दोघांनी धरली, दगड पाण्याखाली दाबला आणि हलवायला लागलो. तीन पाणी झाली. चार झाली. सात झाली. दोघांचीही पाठ भरून आली होती. एरोनीने जाळ्यातून एक दगड काढून माझ्यापुढे धरला.  मी दगड जिभेला लावला आणि पुरेसा वेळ घेतला.

खारट नव्हता. मी म्हटलं, "अजून एकदा."